मुस्तफाची नोंद

'मेम' नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. व्हिडिओ गेमच्या दुकानांत एकेकाळी जी उंच लाकडी खोकी असायची, त्यांतले हजारो गेम ते घरच्या संगणकावर चालवून दाखवतं. पण ते तयार करणाऱ्या मंडळींना 'हे कशासाठी?' असं विचारलं तर 'खेळायला' असं उत्तर येत नाही. त्यांची लेखी भूमिका अशी की, जुनी यंत्रं आतून कशी चालत होती याची नोंद करून ठेवणं हा आमचा हेतू. गेम खेळता येतो तो केवळ नोंद बिनचूक झाली आहे की नाही हे पडताळायला.

ही भूमिका वेळेवर कळली असती तर आमच्या घरातले बरेच वाद टळले असते. रात्री अकराला वडील दारात उभे राहून "काय चाललंय?" विचारायचे, तेव्हा "नोंद पडताळतोय, अण्णा" असं सांगता आलं असतं. अण्णा महसूल खात्यात होते. नोंद या गोष्टीबद्दल त्यांना विलक्षण आदर. डायनोसॉरच्या तोंडावर लाथ मारणं हा पडताळणीचा भाग आहे, हे त्यांनी कदाचित मान्यही केलं असतं. निदान अर्ज तरी मागवला असता.

मेमची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९७ मध्ये निघाली. कर्ता निकोला साल्मोरिया, इटलीचा. पॅक-मॅनसारख्या मोजक्या गेमपासून सुरुवात झाली आणि पुढे देशोदेशीच्या लोकांनी फुकट राबून यादी वाढवत नेली. साल्मोरियांनी २००२ मध्ये सिएना विद्यापीठात याच कामावर पदवीचा प्रबंध लिहिला. म्हणजे ज्या कारणाने आमच्या गल्लीतली पोरं अकरावीला नापास झाली, त्याच कारणाने हा गृहस्थ पदवीधर झाला. आवृत्त्यांचे आकडेही बघण्यासारखे आहेत. पहिली होती ०.१. त्यानंतर पाव शतक उलटून गेलं, ढिगाने आवृत्त्या आल्या, पण सुरुवातीचं शून्य जागचं हललेलं नाही. काम अजून पुरं झालेलं नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत असावं. खंडामागून खंड काढत पिढ्या खर्ची घालणाऱ्या आपल्या कोशकारांना हे लोक लगेच आपले वाटतील.

नोंद कशाची, तेही सांगितलं पाहिजे. गेमचं दुकान म्हणजे एसटी स्टँडच्या नाहीतर थिएटरच्या आसपासचा एक गाळा. दाराला कळकट पडदा. काचेवर उजेड पडू नये म्हणून पडदा, असं दुकानदार काकांचं म्हणणं. आत कोण कोण आहे ते रस्त्याने जाणाऱ्या पालकांना दिसू नये, हे खरं कारण. आत चार-पाच मशीन आणि एक टेबलफॅन, जो मान न हलवता गल्ल्याकडेच बघत राहायचा. रुपयाला एक कॉइन. मशीनच्या काचेखालच्या पट्टीवर आपलं कॉइन ठेवलं की नंबर लागला. बँकेतसुद्धा इतकी निर्विवाद रांग मी पुढे कधी पाहिली नाही. ज्याच्याकडे कॉइन नसे तो सल्लागार. प्रत्येक मशीनमागे असे चार-पाच सल्लागार कायम असत आणि "वरून घे, वरून घे!", "बॉसला कोपऱ्यात धर!" असे हुकूम सोडत. ज्याने आयुष्यात दुसरी स्टेज पाहिली नाही तो शेवटच्या बॉसला कसं मारायचं ते सांगायचा, आणि त्याचं ऐकलं नाही म्हणून आपण मेलो, हे त्याने सिद्धही करून दाखवलेलं असायचं.

या गाळ्यांचा राजा 'मुस्तफा'. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ मध्ये काढला. मार्क शुल्ट्झ नावाच्या अमेरिकी चित्रकाराच्या कॉमिकवरून तो बेतलेला. नायक जॅक टेनरेक, मोटारी दुरुस्त करणारा. गेममध्ये चौघांतून एक निवडायचा: जॅक, हॅना, मेस आणि मुस्तफा. टोपीवाला मुस्तफा धावायला सगळ्यांत चपळ आणि त्याची धावत येऊन मारलेली लाथ म्हणजे निकाल. त्यामुळे भारतभरच्या पोरांनी कुठलीही बैठक न घेता ठरवून टाकलं की गेम मुस्तफाचा. जॅकच्या नावाने कॉमिक, जॅकच्या नावाने करार, पण सातबारा मुस्तफाच्या नावावर. दुकानात कोणी 'कॅडिलॅक' असा शब्द काढला असता तर त्याला काकांनी औषधाच्या दुकानाचा पत्ता सांगितला असता.

दुसरं मोठं संस्थान स्ट्रीट फायटरचं. १९८७ च्या पहिल्या स्ट्रीट फायटरच्या एका मशीनला बटणांऐवजी दोन मोठ्या रबरी गाद्या होत्या. जितक्या जोरात बुक्की माराल तितका फटका जोरात. ग्राहकांचे हात दुखू लागले आणि यंत्रंही. मग सहा बटणं आली आणि १९९१ च्या दुसऱ्या भागाने जग जिंकलं. आमच्या गाळ्यात मात्र जो होता त्यात लढत चालू असताना स्टार्ट दाबलं की आपला माणूस बदलून दुसराच व्हायचा, हवेत उडी मारून 'हाडुकेन' हा ऊर्जेचा गोळा सोडता यायचा, आणि तो सरळ न जाता समोरच्याला हुडकत मागे लागायचा. आम्हाला वाटे, जपानी लोक किती कल्पक. पुढे कळलं की ही चोरट्या बोर्डांवरची 'रेनबो' म्हणून ओळखली जाणारी आवृत्ती. कोणीतरी कॅपकॉमचा गेम उचलला, त्यात मनाला येईल ते कालवलं आणि बाजारात सोडून दिला. अशा आवृत्त्यांचा इतका बोभाटा झाला की कॅपकॉमला १९९२ मध्ये स्वतःच वेग वाढवलेली 'टर्बो' काढावी लागली. चोराच्या मागे मालक पळाल्याचं असं उदाहरण दुर्मीळ.

मेमची थोरवी इथे दिसते. या चोरीच्या मालाचीही तिथे नोंद आहे. मूळ गेम तो 'पेरेंट', त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आणि नकला ते 'क्लोन', आणि सगळी वंशावळ व्यवस्थित लावलेली. मुस्तफाच्याही नकला निघाल्या होत्या, त्याही वारस म्हणून चढवलेल्या आहेत. औरस-अनौरस असा भेद न करता फेरफार घालणारं असं खातं अण्णांना नोकरीत कधी भेटलं नाही.

आमच्याकडे हे सगळं पोहोचलं ते उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमच्या कृपेने; पण घरी डायल-अप लागेपर्यंत आणखी काही वर्षं गेली. चार एमबीची फाइल उतरवायला अर्धा तास लागे, आणि त्या अर्ध्या तासात आत्याचा फोन येणार हे विधिलिखित असे. म्हणून खरा पुरवठा सीडीचा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बोळी. 'एक हजार गेम' असं मार्करने लिहिलेली सीडी, त्यातले दोनशे चालायचे आणि त्यांतले निम्मे एकच.

घरी येऊन यादी उघडावी तर एमखाली मुस्तफा नाही. पोरांनी आख्खी यादी वरून खाली पालथी घातली. मुस्तफा नाहीच. कारण फाइलचं नाव 'डिनो'. डॉसच्या काळात नावाला आठच अक्षरांची मुभा, त्यामुळे सगळ्या वीरांची नावं अशी कापलेली. शिवाय फाइल झिप असायची आणि ती झिपच ठेवायची असते, हे कोणीच सांगत नसे. आपल्याला शिकवण अशी की पार्सल आलं की दोरी सोडायची. सोडलं की आत डझनावारी अनाकलनीय तुकडे आणि मेम म्हणणार, फाइल सापडत नाही. निओ-जिओ या यंत्राचे गेम तर आणखी मानी. त्यांच्यासोबत 'निओजिओ' नावाची वेगळी झिप ठेवल्याशिवाय ते तोंड उघडत नसत.

कायद्याचा प्रश्नही होता. अनेक ठिकाणी सूचना दिसे: हा गेम फक्त परीक्षणासाठी आहे, २४ तासांत डिलीट करावा. या २४ तासांना कुठल्याही कायद्याचा आधार नव्हता. कोणीतरी लिहिलं आणि सगळ्यांनी उतरवून घेतलं. पण त्यामुळे मनाला फार बरं वाटायचं. चोवीस तास आपण सज्जन असायचो, पंचविसाव्या तासापासून आपली विसरभोळ्यांत गणना. मेमसारखं एम्युलेटर स्वतः बेकायदा आहे का, यावर मात्र अमेरिकेत खरोखर खटले झाले. प्लेस्टेशनचे गेम संगणकावर चालवणाऱ्या कनेक्टिक्स आणि 'ब्लीम' या दोन कंपन्यांना सोनीने कोर्टात खेचलं. २००० मध्ये अपील न्यायालयाचे निकाल सोनीच्या विरोधात गेले. ब्लीमने खटल्यात मान टिकवली आणि वकिलांच्या बिलात प्राण सोडले. २००१ मध्ये कंपनी बंद. जमिनीच्या दाव्यात पिढ्या घालवलेल्या घरांना हा निकाल वेगळा समजावून सांगायला नको.

खरी गंमत मात्र हातांची झाली.

दुकानातल्या मशीनला दांडा डाव्या हाताला, बटणं उजव्या हाताला. वर्षानुवर्षं डाव्या हाताने मुस्तफा पळवला होता. मेमने कीबोर्डची मांडणी केली ती अशी: दिशांचे बाण उजव्या हाताला, मारायला डावीकडचं कंट्रोल, उडीला ऑल्ट आणि तिसरं बटण स्पेस. म्हणजे शिकलेला हात बेकार आणि अडाणी हात कामावर. त्यातून कंट्रोल आणि ऑल्ट यांच्या मधोमध विंडोजचं बटण. ऐन मारामारीत अंगठा घसरला की गेम नाहीसा होऊन स्टार्ट मेनू उघडायचा. बॉससमोर मुस्तफा अर्धमेला आणि आपल्यासमोर माय डॉक्युमेंट्स.

'किंग ऑफ फायटर्स ९७' या मारामारीच्या गेममध्ये जोरदार लाथेला चौथं बटण लागे, ते डावं शिफ्ट. आता लाथ काय कोणी एकदाच मारत नाही. पण शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की विंडोज एक सौम्य खिडकी उघडून विचारायची: स्टिकी कीज चालू करू का? ज्यांना दोन बटणं एका वेळी दाबणं जमत नाही अशांसाठी ती सोय आहे. गेममधला आयोरी यागामी समोर पंजे परजून उभा आणि संगणक आपली विचारपूस करतोय.

दोघांनी खेळायचं तर एकाच कीबोर्डवर चार हात. दुसऱ्या खेळाडूला मेम आर, एफ, डी, जी या अक्षरांवर बसवत असे आणि मारायला ए, एस, क्यू. म्हणजे दोघेही एका पाटावर जेवायला बसल्याप्रमाणे कोपर कोपराला. त्यात त्या कीबोर्डांचं एक अंगभूत रहस्य होतं. आत प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते, आडव्या-उभ्या तारांची जाळी असते. ठरावीक तीन बटणं एकदम दाबली की न दाबलेल्या चौथ्याचा भास होतो. तो टाळायला कीबोर्ड सरळ तिसऱ्याची दखल घ्यायचं सोडून देतो. कुठल्या तीन बटणांचं आपसात जमत नाही हे माझ्या धाकट्या भावाने, कुठलंही पुस्तक न वाचता, शोधून काढलं होतं. आपली दोन बटणं तो मुद्दाम धरून ठेवायचा आणि माझा माणूस पुतळा व्हायचा. "दादा, तुझाच हात स्लो आहे," असं वर सांगायचा. तो आज हार्डवेअर टेस्टिंगमध्ये आहे.

दुकानात रुपया लागायचा, घरी कॉइन म्हणजे कीबोर्डवरचं ५. दाबलं की तोच 'टिंग' आवाज, फुकट. पहिले काही दिवस आम्ही नुसतं ५ दाबत बसलो. स्क्रीनवर क्रेडिट ९ दिसताना जो श्रीमंतीचा अनुभव आला तो पहिल्या पगाराला आला नाही. त्याहून मोठी सोय होती एफ-२ ची. ते दाबलं की मशीनचा अंतर्गत मेनू उघडायचा, जो दुकानात फक्त काकांना किल्लीने उघडता यायचा. त्यात स्वच्छ लिहिलेलं: अवघडपणा किती ठेवायचा ते निवडा. म्हणजे काका रविवारी गेम कठीण करतात हा गल्लीचा जुना आरोप तांत्रिकदृष्ट्या शक्य होता! पुरावा हाती आला तेव्हा गाळ्यात मोबाइल रिचार्जचं दुकान लागलं होतं.

पुढच्या काळात याच पिढीला पगार मिळू लागले आणि तिने खऱ्या दांड्याचा ध्यास घेतला. आता बाजारात जपानच्या सान्वा आणि सेइमित्सू कंपन्यांचे अस्सल दांडे मिळतात. बटणाचा व्यास ३० मिलिमीटर, स्टार्टचं २४. दांड्याखाली चार बारीक स्विच असतात, दिशा बदलली की 'टक्' वाजतात. त्या आवाजावर लोक तासन्‌तास बोलू शकतात. दांड्याच्या खालची चौकट चौकोनी असावी की अष्टकोनी, यावर घरं फुटतील एवढे मतभेद आहेत. बटणांचं बोलणं संगणकाला समजावणारी एक स्वस्त पट्टी मिळते, तिचं नाव 'झीरो डिले'. जाणकारांच्या मते तिच्यात लक्षात येण्याइतका डिले असतो. नाव ठेवणाऱ्याने सरकारी खात्यात उमेदवारी केली असावी.

मीही खोकं करायला दिलं. सुताराने नकाशा उलटसुलट करून पाहिला.

"साहेब, देव्हारा आहे का?"

"नाही मेस्त्री, गेमचं मशीन."

"मग ही बारा भोकं?"

"बटणांची. एकेक तीस एमएमचं. दोघांची सहा-सहा."

मेस्त्रींनी जरा विचार केला. "पोरासाठी?"

मी हो म्हणालो. पोराने ते खोकं आल्यावर एकदा पाहिलं, टचस्क्रीन समजून काचेवर बोट फिरवलं आणि निघून गेला. बायकोने प्रश्न विचारला तो जास्त व्यावहारिक होता: याला कप्पे का नाहीत? खोक्याला जो खर्च आला त्या पैशांत काकांनी मला लग्नापर्यंत खेळू दिलं असतं आणि वर लग्नात आहेर केला असता.

मेमच्या पंथाचा आणखी एक नियम असा की यंत्राचे दोषही हुबेहूब हवेत. 'मेटल स्लग २' हा १९९८ चा गेम स्क्रीनवर गर्दी झाली की रखडत चालायचा, इतका की पुढच्या वर्षी कंपनीने तोच सुधारून 'मेटल स्लग एक्स' म्हणून काढला. आजच्या संगणकाला तो गेम म्हणजे किस झाड की पत्ती, तरीही मेम तो मन लावून रखडवतं. जुन्या काचेच्या पडद्यावर आडव्या काळ्या रेघा दिसायच्या. आता लोक महागडा फोर-के टीव्ही घेतात आणि त्यावर त्या रेघा दिसाव्यात म्हणून वेगळं सॉफ्टवेअर बसवतात. टीव्ही विकणाऱ्याला हे कळलं तर तो बिचारा धंदा सोडेल.

पण हा चावटपणा बाजूला ठेवून एक गोष्ट सांगतो, कारण ती सांगण्यासारखी आहे. कॅपकॉमने नंतरच्या बोर्डांवर नक्कल होऊ नये म्हणून एक बॅटरी बसवली. गेम कुलूपबंद, कुलपाची किल्ली बॅटरीवर जिवंत. बॅटरी संपली की किल्ली गेली आणि हजारोंचा बोर्ड मेला. 'सुइसाइड बॅटरी' असंच तिला म्हणतात. २००१ च्या सुरुवातीला एका हौशी गटाने हे कुलूप उघडण्यात यश मिळवलं आणि ते गेम मरणातून वाचले. काही चिपांमधली माहिती बाहेर काढायला दुसरा मार्गच नसतो, तेव्हा ही माणसं चिपचं कवच ॲसिडमध्ये विरघळवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचे फोटो काढतात. एका पैशाच्या अपेक्षेशिवाय. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात विकत मिळतच नाहीत असं आढळलं. कॅपकॉमनेही आपले जुने गेम अनेक संग्रहांतून पुन्हा विकले. मुस्तफा त्यांत नसतो. मालकाने ज्याची दखल घेतली नाही त्याची नोंद रिकामटेकड्यांनी ठेवली, हे मी तरी मान्य करतो. अण्णांनीही केलं असतं, सही शेवटच्या दिवशी केली असती इतकंच.

आपल्याकडच्या गाळ्यांत कुठून कुठून आलेले नकली बोर्ड होते, त्यांची मोजदाद कोणी केलेली नाही. तेव्हा एक विनंती. तुमच्या मामांचं, काकांचं, शेजाऱ्याचं गेमचं दुकान असेल आणि माळ्यावर एखादा हिरवा बोर्ड धूळ खात पडला असेल, तर तो भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. आधी त्याचे दोन्ही बाजूंनी स्वच्छ फोटो काढा, चिपांवरची अक्षरं वाचता येतील असे. आणि जुनी बॅटरी दिसली म्हणून ती उपटून फेकू नका; आधी एखाद्या जाणकाराला दाखवा.